कल्हई गेली की पाठवून द्या

सिराजभाई कल्हईवाल्यांना कसबा पेठेत कुणी कधी घाईत पाहिलं नाही. घाईत असायचा तो फक्त त्यांचा उजवा हात. तापलेल्या तांब्यावर कथील ओढलं, की ते कापसाच्या बोळ्यानं भांडंभर पसरायला माणसाला जेमतेम चार श्वास मिळतात. त्या चार श्वासांत सिराजभाईंचा हात जेवढा पळायचा, तेवढे बाकीचे सिराजभाई उभ्या आयुष्यात पळाले नसतील.

तांबट आळीच्या तोंडाशी पत्र्याच्या आडोशाखाली त्यांची भट्टी होती. भट्टी म्हणजे जमिनीतला एक खड्डा, त्यात कोळसे आणि शेजारी चामड्याचा भाता. आळीतले तांबट भांड्याला जन्म द्यायचे आणि सिराजभाई त्याला माणसांत आणायचे. कारण तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर त्यात आंबट पदार्थ कळकतो आणि खाणारा आजारी पडतो. हे सगळ्यांनाच माहीत होतं. सिराजभाईंनी मात्र ते फार मनाला लावून घेतलं होतं. कुणाच्या घरी पाहुण्यांना पोटदुखी झाली असं कानावर आलं, की ते आधी विचारायचे, "भांडं कुणाकडून कल्हई केलेलं होतं?"

भांडं परत देताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "कल्हई गेली की पाठवून द्या."

"न जाणारी कल्हई करा की एकदा!" आळीतल्या बायका म्हणत.

"केली असती वहिनी. पण मग तुमची चौकशी कुणी करायची?"

समोरच्या घरात श्रीनिवास मास्तर राहत. म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायचे. मास्तरांच्या जिभेला कल्हई नव्हती, त्यामुळे तिच्यावर ठेवलेला गोड शब्दसुद्धा कळकूनच बाहेर पडायचा. सिराजभाईंशी त्यांची घट्ट मैत्री होती, पण हे दोघांपैकी एकानंही कधी कबूल केलं नाही.

सदुसष्ट साली मास्तरांच्या वरच्या दोन खोल्यांत एक जपानी भाडेकरू आले. ओगावा त्यांचं नाव. पाली भाषेचा अभ्यास करायला दोन वर्षांसाठी आलेले, बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी मिचिको. ओगावांनी मराठी पुस्तकातून शिकली होती. पहिल्याच दिवशी ते गवळ्याला म्हणाले, "मला प्रतिदिन अर्धा शेर दुग्ध अपेक्षित आहे." गवळ्यानं मास्तरांना विचारलं, "हे काय मागतायत, आणि आपल्याकडं मिळतं का?"

मिचिकोला मात्र पुस्तकाची गरज पडली नाही. सिराजभाईंची मुमताज तिच्याच वयाची. महिन्याभरात दोघी एकाच ताटात चिंच-गूळ खाऊ लागल्या. मिचिको मास्तरांच्या शाळेत पहिलीत जाऊन बसू लागली आणि सहा महिन्यांत "चल हट, मी नाही खेळत जा" हे वाक्य अशा ठसक्यात बोलू लागली, की मास्तर ओगावांना म्हणाले, "तुम्ही पाली शिकायला आलात, पण घरात पदवी मुलीला मिळणार."

दोघींचा सगळा संसार चालायचा अमिनाबीच्या भातुकलीत. अमिनाबी म्हणजे सिराजभाईंची बायको. ती भातुकली तिच्या आजीची, तांबट आळीतच घडलेली. तांब्यापितळेची बावीस भांडी: बोटाएवढी पळी, लिंबाएवढी घागर, आणि मुठीत मावेल अशी एक झाकणाची तपेली. पानशेतचं पाणी आलं तेव्हा अमिनाबी एका हातात महिन्याची मुमताज आणि दुसऱ्या हातात भातुकलीची पिशवी घेऊन बाहेर पडली होती. सिराजभाईंचा भाता मात्र वाहून गेला. "भाता गेला, भातुकली वाचली," असं ते पुढं वर्षानुवर्षं सांगायचे. त्यावर अमिनाबी म्हणायची, "अजी, भाता बाजारात मिळतो. आजी मिळते का?"

जुन्या वस्तू जमवणारे एक सद्गृहस्थ ती भातुकली बघायला दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा अमिनाबीनं त्यांना चहा पाजला आणि भातुकली दाखवली नाही.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात ओगावांचा परतायचा दिवस ठरला. काय द्यायचं, यावर आळीत बरीच चर्चा झाली. मास्तरांचं मत शाल आणि नारळ.

"तपेली देऊ या," अमिनाबी म्हणाली.

सिराजभाई तिच्याकडे बघतच राहिले. बावीसातलं एक गेलं की उरतात ती एकवीस सुटी भांडी, हे त्यांनाही कळत होतं.

"पोरगी दोन वर्षं तिच्यात भात शिजवतीय," अमिनाबी म्हणाली. "तिच्या देशात तिनं कुणाला सांगितलं, की मी पुण्यात राहत होते, तर दाखवायला हातात काही नको? झाकण मात्र मी ठेवून घेते."

"झाकण का?"

"अर्धं भांडं इथं राहिलं की ते घर विसरत नाही."

या कराराला एका माणसाची हरकत होती. मुमताजची. तिच्या मते तपेली तिची होती आणि ती देण्याआधी तिला कुणी विचारलं नव्हतं, जे खरंच होतं. तिनं मिचिकोला अंगठा दाखवून कट्टी केली आणि निरोपाच्या दिवशी ती खाटेखाली जाऊन बसली ती बसलीच.

इकडे सिराजभाईंनी त्यांच्या बुद्धीप्रमाणे एक चोख काम केलं होतं. तपेली बाहेरून काळसर तपकिरी झाली होती. तीन पिढ्यांच्या हातांनी आलेला तो रंग. त्यांनी ती चिंच-मिठानं घासली, वाळूनं घासली, आतून कल्हई केली, आणि नव्या नाण्यासारखी चमकणारी तपेली ओगावांच्या हातावर ठेवली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो सिराजभाई, शंभर वर्षांचं जुनेपण तुम्ही दहा मिनिटांत धुऊन टाकलंत! जाणकार लोक त्या काळ्या रंगासाठी जीव टाकतात. आता ही आणि तुळशीबागेतली, यांत फरक काय राहिला?"

सिराजभाई गोंधळले. जपून ठेवायची वस्तू तशीच ठेवायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "पण मास्तर," ते म्हणाले, "बिनकल्हईचं भांडं कुणाच्या घरी कसं पाठवायचं? पोरीनं तिच्यात लिंबाचं सरबत केलं तर?"

"अहो, ती कपाटात ठेवतील! तिच्यात कोण काय करतंय?"

"भांडं आहे मास्तर. कपाटात कशाला ठेवतील?"

ओगावा इतका वेळ तपेलीच्या आत बघत होते. आत त्यांचाच चेहरा दिसत होता, पांढरा आणि थोडा वाकडा. मग ते सिराजभाईंपुढे कमरेत वाकले, इतके, की सिराजभाईंना काय करावं कळेना. त्यांच्या तोंडून सवयीनं बाहेर पडलं, "कल्हई गेली की पाठवून द्या."

मास्तर खो खो हसले. "जपानहून? कल्हईला?"

ओगावा हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली. कल्हईला काय काय लागतं ते विचारून घेतलं. कथील, नवसागर, कापूस. सगळं लिहिलं, आणि खाली ते वाक्यही.

टांगा हलला तेव्हा मिचिको मागं वळून खाटेच्या दिशेला बघत होती. तिथून कुणी बाहेर आलं नाही.

मग स्टीलची भांडी आली.

ती एकदम आली नाहीत. आधी वाटी आली, मग ताट, मग मुलीच्या लग्नातला सगळा सेट. "सिराजभाई, किती छान! कल्हई करायलाच नको," असं बायका त्यांनाच कौतुकानं सांगायच्या आणि ते मान डोलवायचे. पुढं नुसती खाणावळींची पातेली उरली, नंतर लग्नाच्या हंगामातली, नंतर तीही नाहीत. आवाज न करता चाललेलं काम आवाज न करता थांबलं. एका पावसाळ्यात त्यांनी भाता गुंडाळून ठेवला आणि तो पुन्हा सोडला नाही.

जपानहून पहिली काही वर्षं नवीन वर्षाचं कार्ड यायचं. मास्तर त्याचा अर्थ सांगायचे. नंतर कार्डं थांबली. मुमताज शिकली, बँकेत लागली, तिचं लग्न झालं. अमिनाबी गेली. सिराजभाई मुमताजकडं वाघोलीला राहायला गेले, चौथ्या मजल्यावर. जाताना त्यांनी भातुकलीची पिशवी तेवढी स्वतःच्या हातात धरली होती. त्यांचा उजवा हात आता थरथरायचा. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं ते टाळत होते. गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरची वाहनं मोजणं हा उद्योग. पण ती इतकी होती, की आयुष्यात पहिल्यांदाच सिराजभाईंना काम आवरेना.

दोन हजार तीनच्या जानेवारीत मास्तरांचा फोन आला. मास्तर ऐंशीचे झाले होते. आवाज बारीक झाला होता, जीभ तशीच.

"सिराजभाई, तुमचं गिऱ्हाईक आलंय."

"कसलं गिऱ्हाईक?"

"जपानहून पार्सल आहे. पत्ता ऐका: 'सिराज, कल्हई, कसबा पेठ, पुणे.' पोस्टमनला कल्हई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याला माहीत असेल म्हणून माझ्याकडं टाकून गेला. या. मी उघडलेलं नाही. म्हणजे उघडलंय, पण नीट बंद केलंय."

मुमताजनं सुट्टी काढली आणि ती त्यांना घेऊन कसब्यात आली. मास्तरांच्या टेबलावर खोकं होतं. खोक्यात पातळ कागद, कागदात तपेली.

सिराजभाईंनी ती नीट दिसणाऱ्या डोळ्याजवळ नेली. मग आत ठासलेला कापूस काढून ठेवला आणि बोट आत फिरवलं. आतला पांढरेपणा जवळजवळ सगळा गेला होता, तांबं उघडं पडलं होतं. शोभेला ठेवलेल्या भांड्याची कल्हई अशी झिजत नाही. ही वापरून, धुऊन, पुन्हा वापरून झिजली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "कपाटात नव्हती."

"नव्हती," मास्तर म्हणाले. या एका शब्दाला चौतीस वर्षं लागली होती आणि त्यांनी तो मुकाट्यानं दिला.

पत्र मिचिकोचं, इंग्रजीत. मास्तरांनी वाचून मराठीत सांगितलं. वडील नोव्हेंबरात गेले. रोज सकाळी गोळी घेताना ते या तपेलीतून चार घोट पाणी प्यायचे. कल्हई उडायला लागली तेव्हा ते म्हणायचे, पाठवायला हवी, आणि पुन्हा म्हणायचे, माझं रोजचं पाणी कशात पिऊ? ते गेल्यावर वही सापडली. वहीत लिहिलं होतं, की कल्हई गेली की पाठवायची, सिराज करून देतात. म्हणून पाठवत आहे. मला माझ्या मुलीला याच्यात पाणी द्यायचं आहे. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. आईनं वही वाचून तिन्ही वस्तू शोधल्या. कथील आणि नवसागर कुठं मिळतो ते तिला कळलं नाही, कापूस मात्र मिळाला.

तपेलीतून काढलेली ती पांढऱ्याशुभ्र कापसाची घडी टेबलावरच पडली होती.

पत्राच्या तळाशी एक ओळ देवनागरीत होती. पहिलीतल्या मुलीसारखं अक्षर, काना जरा लांब पडलेला. मास्तरांनी ती वाचली नाही, कागद मुमताजपुढं सरकवला. तिथं लिहिलं होतं, "मुमताज, अजून कट्टी आहे का?"

मुमताजनं चष्मा काढून पुसला. बँकेत अधिकारी झालेल्या बाईला खाटेखाली जाऊन बसता येत नाही.

सिराजभाईंचा हात टेबलावर थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला. "मास्तर, माझ्यानं होईल?"

"मला काय विचारता? शब्द तुम्ही दिला होतात. मी हसलो होतो."

"परत पाठवून कळवू या, अब्बा," मुमताज हळूच म्हणाली. "ती समजून घेईल."

"समजून घेईल," सिराजभाई म्हणाले. "पण पाणी कशात पिईल?"

कथील आणि नवसागर बोहरी आळीत मिळाला, दुकानदारानं "आजोबा, छंद का?" असं विचारलं. भट्टी उरली होती ती आळीतल्या दत्तोबा तांबटाच्या कारखान्यात. दत्तोबानं हातातलं काम बाजूला सारलं आणि कोळशाची पाटी पुढं ओढली. मास्तर काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसले. "मी नुसता देखरेखीला," म्हणाले.

सिराजभाई भट्टीपुढं बसले. बसताना गुडघे वाजले. मुमताजनं साडीचा पदर खोचला आणि सांडशीत तपेली धरली. लहानपणी ती भाता ओढायला बसायची. सांडशी तिच्या हातात त्यांनी कधी दिली नव्हती.

तपेली तापू लागली. सिराजभाई डोळे बारीक करून बघत होते, पण तांब्याचा रंग त्यांना दिसेना. त्यांच्यापुढं नुसता एक लालसर धुरकटपणा होता. त्यांनी अंदाजानं नवसागर टाकला, कथील ओढलं, कापूस फिरवला. हात घसरला. भांडं जास्त तापलं होतं. कथील पिवळं पडून तळाशी गोळा झालं.

सिराजभाईंनी तपेली पाण्यात टाकली, काढली, वाळूनं पुन्हा घासली. घासायला बराच वेळ लागला. कापूस निम्मा संपला होता.

"दुकानातला कापूस आणू का?" मास्तरांनी विचारलं.

"नको. तिनं पाठवलाय तेवढ्यातच व्हायला पाहिजे." मग ते मुमताजला म्हणाले, "डोळ्यांचं सोड. नाक शाबूत आहे माझं. थोडा थोडा नवसागर टाकत राहा. धूर कसा निघतो ते सांग मला, वासाचं मी बघतो."

"पांढरा निघतोय, अब्बा. विरळ."

"थांब."

"दाट व्हायला लागला."

सिराजभाईंनी मान पुढं काढली. तो तिखट, नाकात झोंबणारा वास त्यांनी चाळीस वर्षं घेतला होता. अमिनाबी त्या वासाच्या शर्टांना वेगळं भिजवायची. "आता!" ते म्हणाले आणि कथलाची कांडी आत फिरली.

पहिला श्वास. कापूस कडेवरून गेला आणि मागं चांदीसारखी रेघ उमटली. दुसरा. हात थरथरत होता, पण पळत होता. तिसऱ्या श्वासाला तळ अर्धा झाला आणि हात अडकला. मनगट पुढं जाईना. सिराजभाईंनी खाली पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात होता.

"घे!" ते ओरडले.

मुमताजनं सांडशी डाव्या हातात घेतली, कापूस त्यांच्या बोटांतून ओढला आणि फिरवला. जन्मात केलं नव्हतं ते काम. पण त्या आडोशाखाली बसून लहानपणी हजार वेळा पाहिलेलं होतं. चौथा श्वास संपता संपता तिनं तपेली पाण्यात बुडवली. चर्र झालं. तिच्या अंगठ्याला चटका बसला होता, तो तिच्या घरी गेल्यावर लक्षात आला.

तपेली वर आली. दत्तोबानं ती दारातल्या उजेडात नेली, आत पाहिलं आणि मान हलवली. आत त्याचा चेहरा दिसत होता.

सिराजभाईंनी बोट फिरवून पाहिलं. सावकाश, सगळीकडून. तळाशी बोट थांबलं. "इथं तिळाएवढं राहिलंय," ते म्हणाले. "हात बदलला तिथं."

"दिसतसुद्धा नाही हो!" मास्तर म्हणाले.

"दिसत नाही. पण आहे. पत्रात लिहा मास्तर, की तिळाएवढा डाग राहिलाय, आंबट ठेवू नका. पाणी चालेल."

मास्तरांनी वही उघडली आणि ते इंग्रजीत लिहू लागले. डागाचं लिहिलं. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, असं लिहिलं. अमिनाबी गेल्याचंही लिहिलं. मग पेन वर धरून ते थांबले. चाळीस वर्षं समोर राहिलेल्या माणसाला पुढचं वाक्य पाठ होतं. पण सिराजभाई ते म्हणत नव्हते. जो शब्द आपल्यानं पाळला जाणार नाही, तो देण्याची त्यांना सवय नव्हती.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून झाकण. वाघोलीहून निघतानाच ते खिशात घातलं होतं. काळसर तपकिरी, चिंच-वाळू न लागलेलं. त्यांनी ते तपेलीवर ठेवलं. बरोबर बसलं.

"अमिनानं ठेवून घेतलं होतं," ते म्हणाले. "आता जोडी लागू दे. राहू दे तिकडंच."

दत्तोबा विनाकारण कोळसे सारखे करू लागला.

मुमताजनं पुढं होऊन झाकण उचललं. पर्समधून तिनं भातुकलीतली बोटाएवढी पळी काढली आणि ती तपेलीत ठेवली, म्हणजे भांडं रिकामं जायला नको. झाकण मात्र तिनं रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.

"हे इथंच राहील," ती म्हणाली. "मास्तरकाका, पुढचं वाक्य राहिलंय. कल्हई गेली की पाठवून द्या."

"आणि करणार कोण?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बँक?"

"डाग ज्याच्या हातून राहिला, त्यानंच तो काढायचा असतो. तुम्ही लिहा."

मास्तरांनी सिराजभाईंकडं पाहिलं. सिराजभाई मुमताजच्या हाताकडं बघत होते, एका डोळ्यानं, फार वेळ. मग म्हणाले, "लिहा. पण तिला आधी धूर शिकवायला पाहिजे. आज माझ्या नाकावर भागलं."

मास्तरांनी ते वाक्य लिहिलं. यावेळी ते हसले नाहीत. कागद त्यांनी सहीसाठी पुढं केला. सिराजभाईंची सही थरथरत, दोन ओळी ओलांडून गेली. खाली मुमताजनं देवनागरीत, पहिलीत गिरवायची तसं मोठं आणि सुटं अक्षर काढून, एकच शब्द लिहिला: बट्टी.